तिसऱ्या नंबरावरचा पूल

"पूल तिसरा लिहायचा," मुन्याओ करानी म्हणाला. "पहिला लिहिलात तर जन्मात मिळायचा नाही."

बाभळीच्या सावलीत क्यासिनी गावची साठ-बासष्ट माणसं बसली होती. काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारचं, राज्य येऊन सहा महिने झाले होते आणि गावात अशी सभा पहिल्यांदाच भरत होती. नैरोबीच्या सरकारने पाणी, दवाखाने, गावरस्ते, बालवाड्या हे सगळं काउंटीच्या पदरात टाकलं होतं. काउंटीने फर्मान काढलं होतं, की गावाला काय हवं ते गावानेच सांगावं. तीन गोष्टी सांगा, क्रमाने लिहा, खाली अंगठे द्या. ते लिहून घ्यायला वॉर्डाच्या कचेरीतून मुन्याओ आला होता. करानी म्हणजे कारकून. पण या भागात 'करानी' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा, तो हा.

"पण आम्हाला पूलच पाहिजे," मागच्या बाजूने स्योकाऊ उभी राहिली. "दुसरं काही नकोच. मग पहिला का नाही लिहायचा?"

"आजी, तुम्ही बसा, मी समजावतो."

"आजी कुणाला म्हणतोस? तुझ्यापेक्षा सहा महिन्यांनी धाकटी आहे मी! एका बाकावर बसलोय आपण. स्योकाऊ म्हण."

लोक खो खो हसले. मुन्याओही हसला. त्याला सभा अशीच आवडायची, जरा चढलेली.

"बरं, स्योकाऊ. ऐक आता. अठ्ठावीस वर्षं जुन्या कौन्सिलात काढलीत मी. तिकडे इयानी गावानं एकदा पाण्याची टाकी मागितली. एकच मागितली, प्रामाणिकपणे. काय मिळालं माहितीये? झाकणं. टाकीची दोन झाकणं!"

पुन्हा हशा.

"आणि त्यांच्या शेजारच्या गावानं काय मागितलं? मोठं इस्पितळ, त्याच्याखाली शाळेची इमारत, आणि सगळ्यात खाली एक नर्सबाई. इस्पितळ ऐकून साहेब लोकांना घाम फुटला. म्हणाले, छे छे, एवढं कुठून देणार, नर्सबाई घ्या. आणि त्यांना नर्सबाईच हवी होती! सरकारची रीत आहे ही. बैल मागाल तेव्हा शेळी मिळते. शेळी मागितलीत की हातात नुसती दोरी येते."

म्हाताऱ्या किलुंगूने मान डोलावली. तो गावचा प्रमुख, त्याने चार राष्ट्राध्यक्ष बघितले होते आणि एकाचंही काम बघितलं नव्हतं. "करानी बरोबर बोलतोय," तो म्हणाला. "पूल खाली ठेवा. वर काहीतरी थोरलं घाला."

मग काय, सभेला ऊत आला. कुणी म्हणालं स्टेडियम, कुणी म्हणालं विमानतळ. "एवढंही नको," मुन्याओने दोन्ही हात वर केले, "की ते कागद फेकून देतील." शेवटी ठरलं, की पहिली मागणी बाजाराची शेड. सिमेंटचे ओटे, वर पत्रे, बाजूला संडास. क्यासिनीत कधी बाजार भरत नव्हता. बाजार नदीपलीकडे, शाळा नदीपलीकडे, दवाखाना, वॉर्डाची कचेरी, मुन्याओचं घर, सगळं नदीपलीकडे. दुसरी मागणी बोअर. तिसरी, पायी जायचा पूल.

हात वर झाले, एकही खाली राहिला नाही. मग शाईची डबी फिरली. स्योकाऊ सगळ्यांत शेवटी आली.

"माझा अंगठा तुझ्या भरवशावर हं, करानी," ती म्हणाली. "नातीसाठी मागतेय. दोन वर्षांनी तिची आठवीची परीक्षा आहे."

"दोन वर्षांत तीन पूल होतील," मुन्याओ म्हणाला.

आमच्या या नदीचं काय सांगावं! वर्षातले दहा महिने तिच्यात पाणी दिसतच नाही, नुसती वाळू. बायका वाळूत खड्डे खणून डबे भरतात, पोरं तिच्यातून शाळेत जातात, गाढवं लोळतात. परक्याला वाटेल, ही कसली नदी आणि हिच्यावर पूल कशाला? पण वरच्या डोंगरात पाऊस झाला, की इथे आभाळ निळंशार असताना ती येते. बघता बघता येते आणि पाच-सहा तास कुणाला ओलांडू देत नाही. असे दिवस वर्षात पंधरा-वीस. त्या दिवशी ज्याचं जे अडेल ते अडेल. लोकांनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं.

मुन्याओलाही पुष्कळ गोष्टी अंगवळणी पडल्या होत्या. कौन्सिल होतं तेव्हा पगार चार-चार महिने यायचा नाही. अर्ज वर पाठवला की तो परत दिसायचा नाही. अशा ठिकाणी माणूस एकतर चिडतो, नाहीतर शहाणा होतो. मुन्याओ शहाणा झाला. कुठला अर्ज कुठल्या शब्दांत लिहावा, कुठे थोडं वाढवावं, हे त्याला पाठ होतं. त्याच्या शहाणपणाने चार गावांना चार गोष्टी मिळाल्याही होत्या, खोटं कशाला बोला. त्याला त्याचा अभिमान होता. दुसरं होतं काय त्याच्याकडे अभिमान धरण्यासारखं?

वर्षभराने वॉर्डाचे अधिकारी न्गुंझे हसत कचेरीत आले. "करानी, तुमच्या क्यासिनीचं नशीब उघडलं! मंजुरी आली."

"पुलाला?"

"कसला पूल? शेड! पहिली मागणी शेडची होती ना? आता लोक पहिलं जे लिहितील, ते पहिलं द्यायचं. काउंटीच्या गव्हर्नरबाईंचा तसा हुकूमच आहे."

मुन्याओने लगेच विचारलं, "आणि खालचं? दुसरं, तिसरं?"

"इतर गावांना नको का? क्यासिनीची पाळी परत तीन वर्षांनी."

त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. साहेब, ते खरं नव्हतं, ती आमची बोलण्याची रीत होती, शेड रद्द करा, असं म्हणायला हवं होतं. मुन्याओला ते सुचलं नाही असं नाही. पण अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा सरकार काहीतरी द्यायला निघालं होतं आणि त्याला 'नको' म्हणायचं? वर आपल्याच अकलेचे वाभाडे काढायचे? तो म्हणाला, "छान झालं साहेब." दोन दिवस त्याने गावाला काही कळवलंच नाही.

शेड झाली. निळे पत्रे लांबून चमकायचे. उद्घाटनाला काउंटीच्या मंत्रीबाई आल्या, ढोल वाजले, बोकड कापला, चपात्यांची चवड लागली. भाषणात मंत्रीबाई म्हणाल्या, "ही शेड आमची नाही, तुमच्या शब्दाची आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण बोकड चांगला शिजला होता.

स्योकाऊ हातात ताट घेऊन मुन्याओजवळ आली. "करानी, यात विकायचं काय रे?"

"होईल हळूहळू. बाजार बसतो."

"नदी ओलांडून कोण येणार विकायला?" ती हसली. मग तिनेच त्याची समजूत काढली. "जाऊ दे. तुझा हेतू चांगला होता."

ते ऐकून त्याला जरा हलकं वाटलं. पुढच्या पाळीला बघू, तो स्वतःशी म्हणाला. अजून कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं.

पुढच्याच साली नोव्हेंबरात आठवीची परीक्षा आली. मंगळवार, पहिला पेपर गणिताचा, साडेआठला. मुन्याओ सकाळी घराबाहेर दात घासत होता तेव्हा त्याला नदीचा आवाज आला. आभाळात एक ढग नव्हता. ब्रश तसाच तोंडात धरून तो धावला.

नदी आली होती. तांबडं, फेसाळ पाणी या काठापासून त्या काठापर्यंत, मधून एक अख्खं झाड मुळांसकट गेलं. क्यासिनीची दोन परीक्षार्थी मुलं अलीकडे, शाळेच्या बाजूला आली होती, अर्ध्या तासापूर्वीच, ओल्या वाळूतून. ती घाबरून उभी होती. पलीकडच्या काठावर निळ्या गणवेशात कनिनी होती, स्योकाऊची नात. तिच्या हातातली प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी मुन्याओला इथून दिसत होती. आत पट्टी, दोन पेन्सिली, खोडरबर. परीक्षेला तशीच पिशवी लागते. शेजारी स्योकाऊ.

कनिनीने बूट काढले. पिशवी डोक्यावर धरून ती पाण्याकडे उतरली.

"नको!" मुन्याओ ओरडला. आवाज पोहोचणं शक्यच नव्हतं. मग त्याने दोन्ही हात डोक्यावर उंच धरून आडवे हलवले, परत परत हलवले, जा, मागे जा. पोरीने त्याच्याकडे बघितलं. मग आजीने तिचा दंड धरला.

मुन्याओने फोन काढला. न्गुंझेसाहेबांना लावला. "साहेब, ट्रॅक्टर पाठवा, काहीतरी पाठवा!"

"अहो, ट्रॅक्टर आहे, चालवणारा नाहीये. तो प्रशिक्षणाला गेलाय. जनसहभागाच्या."

"मग परीक्षा थांबवा!"

"परीक्षा काउंटीकडे कुठे असते, करानी? तुम्हाला मी सांगायचं का? ती नैरोबीकडे."

त्याने मुख्याध्यापकांना लावला. ते बिचारे कळवळले. "बाहेर पोलीस बसलाय, आत नैरोबीचा माणूस. नऊपर्यंत दार उघडं ठेवायला लावतो. त्याच्यापुढे माझ्या हातात काही नाही. पोरगी हुशार आहे हो, माझ्या वर्गात पहिली आहे ती."

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. कनिनी दगडावर बसली होती, पिशवी मांडीवर. अलीकडची दोन पोरं शाळेत जाऊन पेपर लिहीत होती. मुन्याओ काठावरच उभा होता, खांद्यावर टॉवेल तसाच. आपण निघून गेलो तर पोरीला वाटेल, कुणीच नाही, म्हणून तो हलला नाही.

दुपारी एकच्या पुढे पाणी गुडघ्याखाली आलं. मुन्याओच पलीकडे गेला. कनिनी दगडावरून उठली. रडतही नव्हती. तिने बूट घातले आणि घराच्या वाटेला लागली.

स्योकाऊ मात्र बोलत सुटली होती. "मी तिला पेज पाजली रे. ती दोघं पोरं हाक मारायला आली होती. ही निघालीच होती. मी म्हटलं, उपाशी पोटी गणित कसं करशील? बस, पी. दोन वाडगे पाजले. दुसरा तिला नको होता. मीच म्हटलं, संपव."

"स्योकाऊ..."

"दुसरा वाडगा पाजला नसता तर ती पोहोचली असती."

मुन्याओच्या जिभेवर सगळं आलं होतं. तरी तो एवढंच म्हणाला, "उद्याच्या पेपरांना तिला माझ्या घरी ठेव." ती आलीही. बाकीचे पेपर तिने दिले. पण गणिताविना निकाल लागत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.

पुढच्या सोमवारी तो काउंटीच्या मुख्य कचेरीत गेला. पहाटेची मटाटू गाडी, मग दुसरी मटाटू, मग नवी कोरी इमारत. नियोजन खात्यात कलेक्ये नावाची तरुण अधिकारीण होती. पंचविशीतली असेल. तिने त्याच्यासाठी चहा मागवला. वडीलधारा माणूस बघून ती 'काका, काका' करत होती.

"क्यासिनीचा पूल आधी घ्या," तो म्हणाला. "बाई, पाया पडतो."

तिने कपाटातून फाइल काढली. त्याचंच अक्षर. गोल, ठसठशीत, साहेब लोक ज्याचं कौतुक करायचे ते. खाली बासष्ट अंगठे.

"हे बघा ना काका. पहिली शेड, तिसरा पूल. एकमताने. तुमच्या गावचा कागद आम्ही नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतो. इतका नीट कागद दुसऱ्या कुणाचा आला नव्हता."

"ते खरं नव्हतं," मुन्याओ म्हणाला.

"म्हणजे?"

"त्यांना पूलच हवा होता. मी तिसरा लिहायला लावला. मोठं मागितलं की धाकटं मिळतं, अशी आमची..." त्याला शब्द सापडेना. "आमच्या वेळी तसंच होतं, बाई. पहिलं मागितलेलं कुणी दिलेलं मी बघितलंच नव्हतं."

कलेक्येने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा एखाद्याने मुस्काटात मारल्यासारखा झाला होता.

"काका, त्या शेडसाठी मी भांडलेय," ती म्हणाली. "इंजिनियर म्हणत होते, तिथे बाजारच नाही, कशाला शेड. मी म्हटलं, लोकांनी पहिली लिहिलीये, तुम्ही कोण ठरवणारे? तुम्ही खरं सांगणार नसाल तर आम्हाला कळायचं कसं?"

चहा गार झाला. निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पाळी मला बदलता येणार नाही. पण पुढच्या सभेला मी स्वतः येईन."

डिसेंबरात निकाल लागला. कनिनीच्या नावापुढे रेघ होती. मुख्याध्यापक घरी जाऊन सांगून आले, की पोरीला परत आठवीत बसवा, पुढच्या वर्षी जिल्ह्यात नंबरात येईल ती. पण जानेवारीत एका सकाळी मुन्याओला ती नैरोबीच्या बसच्या थांब्यावर दिसली. डोक्यावर आईचा जुना रुमाल, पायाशी एक बॅग. तिच्या मामाने कुठल्याशा घरी काम बघितलं होतं. पोरं सांभाळायची, भांडी, कपडे.

"अगं, परत बस ना परीक्षेला," मुन्याओ म्हणाला. "माझ्या घरी राहा वर्षभर. माझ्या बायकोला विचारलंय मी."

"नको, बाबा," पोरगी म्हणाली. आवाज अगदी शांत. "नदी पुढच्या वर्षीही असेलच की."

बस आली. स्योकाऊने बॅग चढवली, नातीच्या हातात उकडलेल्या मक्याची पुरचुंडी कोंबली. बस निघाली, धूळ बसली, तरी ती रस्त्याकडे बघत उभी होती.

"त्या दुसऱ्या वाडग्यानं घात केला," ती म्हणाली.

"नाही," मुन्याओ म्हणाला. या वेळी त्याने जिभेवर आलेलं गिळलं नाही. "पेजेनं नाही, स्योकाऊ. माझ्यामुळे झालं. तू म्हणाली होतीस पहिला लिही. तुझं ऐकलं असतं तर पोरगी पुलावरून चालत गेली असती, चार वाडगे पिऊन गेली असती. मी शहाणपणा केला."

स्योकाऊने त्याच्याकडे बघितलं. "मला काय कळत नाही होय रे? त्याच दिवशी कळलं होतं, तू तिकडून हात हलवत होतास तेव्हाच."

"मग पेजेला का दोष देतेस?"

"तुझ्यावर रागवून कसं चालेल? माझ्या पेन्शनचा अर्ज कोण लिहिणार?" ती म्हणाली, आणि खांद्यावरच्या फडक्याने नाक पुसलं. "पेजेवर रागावलं तर कुणाला लागत नाही. म्हणून."

तिच्यासोबत तो नदीपर्यंत चालत गेला. ती वाळूतून पलीकडे गेली आणि तो कचेरीत येऊन बसला. त्या दिवशी त्याने एकही अर्ज लिहिला नाही.

क्यासिनीची पाळी आली तेव्हा मुन्याओच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. सभा शेडमध्ये भरली. ऊन होतं आणि शेडचा दुसरा उपयोगही नव्हता. शब्द दिल्याप्रमाणे कलेक्ये आली होती. म्हातारा किलुंगू मधल्या काळात वारला होता. या वेळी कुणी विनोद केला नाही. मुन्याओने टेबलापाशी बसून कागद सरळ केला, गावाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली.

"तीन मागण्या सांगा," कलेक्ये म्हणाली. "पण खऱ्या सांगा."

"एकच आहे," एकजण म्हणाला.

"फॉर्मवर तीन ओळी आहेत, बाबा."

"असू देत ना मग."

तेवढ्यात स्योकाऊ उठली. पूर्वीपेक्षा वाकली होती. गुडघ्यावर हात ठेवून तिला उठावं लागलं.

"मला पूल नकोय," ती म्हणाली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. "मला काय करायचाय? वाळू असली की जाईन, पाणी असलं की थांबेन, मला कुठली गाडी पकडायचीय? ज्या जीवाला वेळेत पलीकडे जायचं होतं, तो आता नैरोबीत दुसऱ्यांच्या पोरांना शाळेत सोडायला जातो. पण शेजारच्या म्वेलूची धाकटी पोरगी पुढच्या वर्षी आठवीत जातेय. तिच्यामागून आणखी चार आहेत. म्हणून लिही, करानी. पूल."

"लिहिला."

"कितवा?"

"पहिला."

ती माणसांतून वाट काढत टेबलापाशी आली. शाळेत ती मुन्याओच्या बाकावर बसली होती खरी, पण दोनच वर्षं. वाचायला ती कधीच विसरली होती. तिने कागदावर बोट ठेवलं.

"वाच."

"क्यासिनी गाव," मुन्याओने वाचलं. "पहिली मागणी. नदीवर पायी जायचा पूल."

तिने बोट खालच्या ओळीवर नेलं. "इथं काय आहे?"

"काही नाही."

"आणि इथं?"

"तिथंही काही नाही, स्योकाऊ. कोरं आहे."

शाईची डबी तिच्यापुढे सरकवली होती. तिने ती घेतली नाही.

"परत वाच," स्योकाऊ म्हणाली.

मुन्याओने परत वाचलं.